निमखाऱ्या टँकमधले मासे दर काही दिवसांनी वर का येतात?

तक्रार बहुतेक वेळा एकाच धर्तीची असते. टँक लावून दोन-तीन महिने झालेले असतात, सगळं सुरळीत असतं, आणि एका सकाळी दिवा लावावा तर सगळे मासे वरच्या थरात तोंड उघडून उभे. घाईघाईनं अर्धं पाणी बदललं की दोन दिवस बरे. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

ही लक्षणं जुळतात का बघा:

- पहाटे किंवा दिवे लावायच्या आधी मासे पृष्ठभागाशी, कल्ल्यांची झाकणं भराभर हलतात
- पर अंगाशी मिटलेले, पोहण्यात जोर नाही, कोपरा धरून बसणं
- पफर असेल तर त्याचं पांढरं पोट राखाडी-काळपट दिसणं. क्रोमाइड किंवा स्कॅटचा रंग अंधारल्यासारखा होणं
- खाणं टाकणं, किंवा तोंडात घेऊन थुंकणं
- पाणी अधूनमधून दुधाळ होणं
- झाकणाच्या कडेला, एअर पंपाच्या नळीवर मिठाची पांढरी पुटं चढणं
- पाणी बदललं की बरं, आणि मग परत पहिले पाढे पंचावन्न

शेवटचं लक्षण असेल तर पुढे वाचा. एकच मासा आजारी आणि बाकीचे ठणठणीत असतील तर हे दुखणं वेगळं आहे, सरळ खाली माशांच्या भागाकडे जा. पाणी बदलल्यावर तासाभरातच सगळे तडफडायला लागले तर आधी नळाच्या पाण्याचा भाग वाचा. आणि टँकमध्ये हात घातल्यावर झिणझिण्या आल्या, तर काहीच वाचू नका. भिंतीवरचं बटण बंद करा, नसेल हाताशी तर मेन स्विच, मग वायरमनला बोलवा.

मी ठाण्यात राहते. मत्स्यशास्त्र शिकलेली नाही. घरी निमखाऱ्या पाण्याचे दोन टँक आहेत, एकात नारिंगी क्रोमाइड, दुसऱ्यात बम्बलबी गोबी, आणि ओळखीपाळखीतल्यांचे बिघडलेले टँक बघायला जाते. हाच बिघाड इतक्यांदा बघितलाय की दारातून आत शिरताना मी आधी टँककडे बघत नाही, टँकशेजारी ठेवलेल्या बादलीकडे बघते.

बिघडतं काय नेमकं

लोक म्हणतात, हे खाडीतले मासे. भरती-ओहोटीला दिवसातून दोनदा पाणी बदलतं त्यांचं, मिठाचं थोडं कमी-जास्त त्यांना काय होणार? बरोबर आहे. माशांना फारसं काही होत नाही. होतं ते फिल्टरमधल्या जिवाणूंना.

माशांची घाण आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो. फिल्टरच्या स्पंजवर, दगडांवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि ती एका ठराविक खारेपणाला सरावते. खारेपणा हळूहळू हलवला तर तीही सरावत जाते. एका दुपारी धाडकन खाली आणला किंवा वर नेला, की ती मंदावते, काही मरतेही. मग अमोनिया साठतो, त्यानं कल्ले भाजतात आणि मासे वर येतात. खाडीत तो अमोनिया ओहोटी धुऊन नेते. दीडशे लिटरच्या टँकला ओहोटी नसते.

म्हणून आपण शोधतोय ते एकच: खारेपणा कोण हलवतंय? खालच्या तपासण्या फुकटापासून महागापर्यंत लावल्या आहेत. क्रम सोडू नका. एक केली की दोन-तीन दिवस थांबा. एकदम पाच गोष्टी बदलल्या तर बरं कशानं झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून.

१. वर ओततोय ते पाणी कुठलं? (खर्च: एक चिकटपट्टी)

आमच्या मजल्यावरचा मुलगा एकदा रात्री नऊला दारात. "काकू, मासे परत वर आलेत, बघता का जरा?" बघायला गेले. त्याचा टँक तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर साधारण १४० लिटर पाणी. मे महिना, त्यामुळे पाणी गार राहावं म्हणून वर छोटा पंखा लावलेला. टँकखाली झाकणाचा स्टीलचा डबा. मी त्याच्या आईला विचारलं,

"वहिनी, त्या डब्यात काय आहे?"

"मिठाचं पाणी. दुकानदारानं सांगितलंय ना, साधं पाणी या माशांना चालत नाही. जेवढं कमी होतं तेवढं रोज सकाळी मोजून घालते. एकदाही चुकवलेलं नाही हो."

खोट तिथेच होती. त्या चुकवत नव्हत्या म्हणूनच मासे वर येत होते.

आमटी आटली की खारट होते. तेव्हा आपण तिच्यात मीठ घालत नाही, पाणी घालतो. टँकचंही तसंच. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, मीठ सगळं आतच राहतं. आता हिशेब करा. १४० लिटरला लिटरमागे ८ ग्रॅम धरलं तर टँकमध्ये ११२० ग्रॅम मीठ. पंख्यामुळे रोज दोनेक लिटर पाणी उडतं. ते मिठाच्या पाण्यानं भरलं की रोज १६ ग्रॅम मीठ जास्तीचं, महिन्याला ४८० ग्रॅम. लिटरमागे ८ चे साडेअकरा होतात. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे साध्या पाण्याच्या मानानं हे पाणी किती जड त्याचा आकडा, १.००५ वरून १.००८ च्या आसपास चढतं.

हे चढणं हळू असतं, मासे आणि जिवाणू दोघंही ते सोसतात. खरा घाव पुढे बसतो. एके दिवशी मुलगा मोजतो, आकडा बघून घाबरतो, आणि अर्धं पाणी काढून साधं पाणी भरतो. १.००८ चे तासाभरात १.००४. जिवाणू गारद. चार दिवसांनी अमोनिया, मासे वर. मग पुन्हा पाणी बदल, पुन्हा वहिनींचा डबा, आणि चक्र सुरू.

उलटी चूकही तितकीच बघितली आहे. वर ओतायला साधं पाणी, पण दर रविवारी पाणी बदलतानाही साधंच. आठवड्याला पाचवा हिस्सा साध्या पाण्यानं बदलला, तर चार आठवड्यांत निम्म्याहून जास्त मीठ मोरीत गेलेलं असतं. मग "अरे, मीठ कमी झालं" म्हणून मूठभर थेट टँकमध्ये.

तेव्हा करायचं असं. टँक हव्या त्या खारेपणाला असताना काचेवर पाण्याच्या रेषेला चिकटपट्टी लावा. रेषेखाली पाणी गेलं ते वाफेनं गेलं, ते साध्या, क्लोरीन काढलेल्या पाण्यानं भरा. तुम्ही स्वतः नळीनं काढलं ते पाणी टँकच्याच खारेपणाचं मीठ कालवून भरा. त्या घरात आता दोन कॅन आहेत. निळ्या झाकणाचा रोजच्यासाठी, लाल झाकणाचा रविवारसाठी. लाल झाकणाला वहिनी हात लावत नाहीत.

पाण्याची रेषा आणि दोन कॅन, एवढ्यावर मी बघितलेले बहुतेक टँक सुधारले. तुमचा सुधारला तर खालचं वाचायची गरज नाही.

२. हवा आणि वीज

मीठ जितकं जास्त आणि पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसातच्या आसपास, आणि समुद्राच्या पाण्यात ३० अंशाला सव्वासहा. आपला टँक या दोघांच्या मध्ये कुठेतरी. मे महिन्यात पाणी ३२ अंशांवर गेलेलं असेल आणि रात्री कुणी आवाज होतो म्हणून पंप बंद करत असेल, तर पहाटे मासे वर येणारच. त्यात जिवाणूंचा काही दोष नाही.

एअर पंप रात्रभर चालू ठेवून बघा. दोन दिवसांत फरक पडला तर उत्तर मिळालं. नळीच्या टोकाला बुडबुडे सोडणारा दगड असतो, एअरस्टोन, त्याची भोकं मिठानं बुजतात, बुडबुडे मोठे आणि थोडे झाले की दगड बदला. तो अगदी स्वस्त असतो. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात जातं, आणि हे पाणी खारं आहे हे विसरू नका.

वीज चार-सहा तास गेली असेल आणि तुमचा फिल्टर बंद डब्याचा असेल, तर वीज आल्यावर तो तसाच सुरू करू नका. आत प्राणवायू संपून कुजकट पाणी साठलेलं असतं, ते पहिल्या झटक्यात टँकमध्ये येतं. आतलं पाणी ओतून टाका, स्पंज टँकच्याच पाण्यात हलका पिळा, मग सुरू करा.

३. मीठ कुठलं आहे?

इथे माझं लोकांशी सगळ्यात जास्त भांडण होतं. विशेषतः मुंबई-ठाण्यात. पूर्व द्रुतगती मार्गावरून जाताना भांडुप-मुलुंडकडे मिठागरं दिसतात, आणि लोक विचारतात, समुद्राच्या पाण्याचंच मीठ करतात ना ते? मग पाकिटातलं महागडं सागरी मीठ कशाला घ्यायचं?

कारण मिठागरात समुद्र सुकवत नाहीत, त्यातलं एकच मीठ वेचून घेतात. पाणी आटत जातं तसा आधी चुनखडीचा अंश खाली बसतो, मग जिप्सम. त्यानंतरच्या वाफ्यांमध्ये आपलं खायचं मीठ धरतं. ते काढून घेतलं की मागे उरतं ते कडू, तेलकट पाणी. मॅग्नेशियम त्यात राहतं, आणि ते पाणी सोडून देतात. म्हणजे हाती येणारं खडेमीठ जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. कॅल्शियम नावापुरतं, पीएच सांभाळणारे कार्बोनेट नाहीतच. दुकानात पुडीतून मिळणारं "माशांचं मीठ" बहुधा हेच असतं.

आयोडीनमुळे मासे मरतात असं पुष्कळ जण सांगतात. ती चूक आयोडीनच्या माथी मारू नका. बिघाड मिठात काय आहे त्यानं होत नाही, काय नाही त्यानं होतो.

आणि हे निमखाऱ्या टँकमध्ये का नडतं? मुंबई-ठाण्याचं नळाचं पाणी धरणांचं आहे, मऊ आहे, त्यात मुळातच कार्बोनेट थोडे. माशांच्या घाणीतून रोज थोडं आम्ल तयार होतं, त्याला अडवायला काही नाही, पीएच घसरत जातो. ६.५ च्या खाली गेला की जिवाणू सुस्तावतात आणि अमोनिया साठायला लागतो. पण कमी पीएचला तो बराचसा निरुपद्रवी रूपात असतो, त्यामुळे मासे तग धरून असतात. मग तुम्ही चांगलं म्हणून भरपूर ताजं पाणी घालता, पीएच एकदम वर जातो, आणि तोच साठलेला अमोनिया विषारी होतो. पीएच ७ चा ८ झाला की विषारी वाटा साधारण दहापट होतो. "पाणी बदललं आणि त्याच रात्री मासे गेले" ही तक्रार ऐकली की मी आधी मिठाची पिशवी दाखवा म्हणते.

मीठ बदलायचं तर एकदम नको. पुढच्या प्रत्येक पाणीबदलाला जुन्याच्या जागी पाकिटातलं सागरी मीठ वापरा, महिना-दीड महिन्यात टँक बराचसा पालटतो. मीठ नेहमी बादलीत कालवायचं, एअरस्टोन टाकून निदान काही तास, जमलं तर रात्रभर. २० लिटरच्या बादलीला १६० ग्रॅमनं सुरुवात करा आणि मोजून कमी-जास्त करा. थेट टँकमध्ये मीठ टाकू नका. न विरघळलेला खडा गोबीच्या अंगावर बसलेला मी बघितलाय, खाली त्वचा पांढरी पडली होती.

तोवर तात्पुरता आधार म्हणून कालवांची टरफलं चालतात. कोकणातून कुणी येणार असेल तर मागवा. मांस पूर्ण काढून, उकळून, घासून, मोठे तुकडे करून जाळीच्या पिशवीत फिल्टरमध्ये ठेवा. पीएच खाली ढळायला लागला की ती विरघळून त्याला टेकू देतात, वर असताना गप्प राहतात. आमच्याकडे काही जण टरफलं न उकळता टाकतात. त्यांच्या टँकचा वास मी विसरलेले नाही.

खाडीचं पाणी आणू का, हा प्रश्न हमखास येतो. नको. सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी कुठे मिसळतं ते तुम्हाला दिसत नाही, खारेपणा पावसाळ्यात कोसळतो, आणि ठाणे खाडीचा भाग तर फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही. तिथे बादल्या घेऊन उतरू नका.

४. मोजायचं साधन खरं बोलतंय का?

पट्टीचा काटा असलेला प्लॅस्टिकचा हायड्रोमीटर बहुतेकांकडे असतो. काट्याला एक जरी बुडबुडा चिकटला तरी तो उचलला जातो आणि खारेपणा जास्त दाखवतो. काट्यावर मिठाचं पूट असेल तर तो जड होऊन कमी दाखवतो. समुद्री टँकवाल्याला ०.००२ ची चूक किरकोळ. आपण १.००५ ला असतो. आपल्याला ती जवळजवळ निम्म्याची चूक.

तपासायला काही विकत आणायचं नाही. मेडिकलमधलं डिस्टिल्ड वॉटर किंवा घरच्या आरओचं पाणी घ्या, आकडा १.००० च्या जवळ यायला हवा. मग एक लिटर त्याच पाण्यात ८ ग्रॅम कोरडं खायचं मीठ, डिजिटल काट्यावर मोजून, नीट विरघळवा. इथे मात्र स्वयंपाकघरातलं मीठ अगदी योग्य! आकडा १.००५ ते १.००६ च्या दरम्यान आला तर साधन ठीक. १.००९ दाखवत असेल तर आजवर तुम्ही ज्यावर विश्वास ठेवलात ते सगळे आकडे विसरा. वापरून झालं की गोड्या पाण्यानं धुऊन ठेवायचं, एवढं केलं तरी ते वर्षानुवर्षं टिकतं.

रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा दाखवणारी नळी, असेल तर डिस्टिल्ड पाण्याच्या थेंबानं शून्य लावा आणि थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबून मगच वाचा.

५. अमोनिया, नायट्राइट, पीएच

आता टेस्ट किटवर पैसे घाला. कागदी पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट घ्या, आणि अमोनियाची बाटली त्यात आहे ना ते बघून घ्या. पुष्कळ स्वस्त किटमध्ये नसते, आणि आपल्याला हवी ती नेमकी तीच. त्याच कंपनीची कार्बोनेट मोजायची बाटली मिळाली तर उत्तम, तिला केएच म्हणतात.

मोजायचं पाणी बदलायच्या आधी. नंतर मोजलं तर सगळं छान दिसतं आणि तुम्ही स्वतःलाच फसवता.

अमोनिया शून्य हवा. ०.२५ दिसला तरी आपल्या पीएचला तो त्रास देतो, कारण निमखारा टँक ७.५ ते ८.४ मध्ये असतो. नायट्राइट दिसलं तर मात्र गोड्या पाण्याइतकं घाबरू नका. पाण्यातलं क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, म्हणून इथे ते तितकं घातक नसतं. अमोनिया मिठाला भीक घालत नाही.

अमोनिया सापडला तर:

खाणं दोन दिवस बंद. पफरसुद्धा दोन दिवस उपाशी राहतो, त्याच्या डोळ्यांकडे बघू नका. रोज पाचवा हिस्सा पाणी बदला, पण *टँकच्याच खारेपणाचं आणि टँकइतक्याच तापमानाचं*. अर्धा टँक एकदम नाही. पीएच ६.५ किंवा त्याखाली निघाला तर आणखी सावकाश, रोज दहावा हिस्सा, आणि प्रत्येक वेळी अमोनिया बांधून ठेवणारं औषध बादलीतच घाला.

फिल्टर या काळात धुवायचा नाही. हात शिवशिवतात, माहीत आहे.

खारेपणा मुद्दाम बदलायचा असेल, वर किंवा खाली, तर आठवड्याला ०.००२ पेक्षा जास्त नाही. १.००५ वरून १.०१० ला जायला तीन आठवडे द्या. गोड्या पाण्यातला जुना फिल्टर उचलून १.०१० च्या टँकला लावला आणि "माझा फिल्टर तर मुरलेला आहे" म्हणून त्याच दिवशी मासे सोडले, असे दोन टँक मी बघितलेत. मुरलेला होता, गोड्या पाण्यात.

६. नळाचं पाणी

पाणी बदलल्यावर तासाभरात सगळे मासे तडफडतात तेव्हा संशय क्लोरीनवर. पावसाळ्यात पालिका क्लोरीनची मात्रा वाढवते, तेच औषध तेवढेच थेंब मग पुरत नाहीत. बादली उघडी ठेवून रात्रभर हवा सोडा, वर अँटी-क्लोरीनही घाला, दोन्ही. बोअरवेल असेल तर क्लोरीनचा प्रश्न नाही, पण सोसायटीची टाकी धुतली त्या आठवड्यात तेही पाणी घेऊ नका. टाकी कधी धुतली ते वॉचमनला माहीत असतं.

बोअरचं जड पाणी निमखाऱ्या टँकला तसं मानवतं, त्यात कार्बोनेट भरपूर. गोड्या पाण्याच्या नाजूक माशांना जे पाणी नको असतं ते आपल्याला चालतं, हा या छंदाचा थोडका फायदा.

७. मासेच चुकीचे आहेत का?

हे सगळ्यात शेवटी ठेवलंय कारण याचं उत्तर कुणाला आवडत नाही.

दुकानात नाण्याएवढा दिसणारा स्कॅट ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, मोनो २५ पर्यंत. दोघंही मोठे झाल्यावर जवळजवळ समुद्राच्या पाण्यातच खुश असतात. हिरव्या ठिपक्यांचा पफर १५ सेंटिमीटरचा होतो, त्यालाही वयाबरोबर जास्त खारं पाणी लागतं. गोव्यात ज्याला कालुंदर म्हणतात आणि केरळात करीमीन, तो ताटात शोभतो. तीन फुटांच्या टँकमध्ये वर्षभरात मावेनासा होतो. तीन फुटांत सुखानं राहतात ते नारिंगी क्रोमाइड, आठेक सेंटिमीटरचे, किंवा गोबींची टोळी, किंवा आकडा आठ पाठीवर घेऊन फिरणारा एकटा पफर. तिघांनाही १.००५ पुरतं. मॉलीलाही.

स्कॅट आणि गोबी एका टँकमध्ये असतील तर कुठलाही खारेपणा दोघांना कायमचा बरोबर नाही, आणि स्कॅट इतकं खातो-हगतो की कोणताही फिल्टर दमतो. अशा टँकमध्ये वरच्या सहाही तपासण्या बरोबर करून मासे वर येतच राहतील. एकाला दुसरं घर शोधा. दुकानदार परत घेतात, विचारून बघा. खाडीत मात्र सोडू नका, "तिथलेच तर आहेत" असं वाटलं तरी. ते कुठल्या देशाच्या कुठल्या शेतातून आले आणि अंगावर काय घेऊन आले हे तुम्हाला माहीत नसतं.

एकच मासा आजारी असेल तर त्याला त्याच खारेपणाच्या वेगळ्या टबात ठेवून बघा. तांब्याचं औषध मुख्य टँकमध्ये ओतू नका. पफरला आणि गोगलगायींना ते सोसत नाही.

कुठे थांबायचं

पाण्याला किंवा स्टँडला हात लावल्यावर झिणझिणी आली: पुन्हा हात लावून खात्री करायची नाही. खारं पाणी गोड्यापेक्षा कितीतरी चांगलं वीज वाहतं आणि मिठाचं पूट प्लगमध्येही शिरतं. वायरमनला बोलवा, आणि आलाच आहे तर टँकच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच जोडणी तोडणारा स्विच, लावून घ्या. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये न जाता झोळातून खाली पडतो.

काचेच्या जोडातून ओल, किंवा जोडावर मिठाची बारीक रेघ रोज नव्यानं उमटते: ही गळती आहे. बाहेरून सिलिकॉन फासून काही होत नाही. पाणी निम्म्याखाली काढा आणि टँक बनवणाऱ्याला बोलवा. १४० लिटर म्हणजे वाळू-काचेसकट दोनशे किलोच्या पुढे वजन. भरलेला टँक स्वतः सरकवायला जाऊ नका.

लोखंडी स्टँडला आतून गंज फुगला असेल तरी तेच.

अमोनिया शून्य, पीएच आणि खारेपणा ठीक, हवा भरपूर, आणि तरी एका दिवसात दोन-तीन मासे गेले, किंवा अंगावर लाल जखमा, कापूस, फुगलेलं पोट दिसलं: आता अंदाजानं औषधं ओतणं बंद. माशांचं बघणारा पशुवैद्य किंवा मत्स्यविज्ञान शिकलेला माणूस गाठा. जाताना पाण्याची बाटली, आकड्यांची वही आणि जमलं तर नुकताच गेलेला मासा बर्फावर ठेवून न्या. पफर मेलेला असेल तर मांजराच्या वाटेत ठेवू नका. त्याच्यात विष असू शकतं.

आणि तुमच्या स्वतःच्या हातावर, बोटांवर न भरणारी गाठ किंवा जखम असेल, टँकमध्ये हात घातल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही उगवलेली, तर घरगुती मलम नको. खाऱ्या-निमखाऱ्या पाण्यातले काही जिवाणू माणसाच्या त्वचेत शिरतात, आणि नेहमीच्या औषधांना ते दाद देत नाहीत. जखम लाल होऊन काही तासांत पसरत असेल, ताप असेल, तर त्याच रात्री दवाखान्यात जा. डॉक्टरांना बाकी काही सांगायच्या आधी हे सांगा, की मी माशांच्या खाऱ्या टँकमध्ये हात घालते. ते आपणहून विचारत नाहीत.